वेगळ्या वाटेने वाहणाऱ्या नीला
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त उरोशल्यचिकित्सा विभागाच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी दरवर्षी एका विभागास पाचारण करण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा हा मान आमच्या विभागाला दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. विषय काय, अशी विचारणा झाली तेव्हा मी ‘छातीतील गाठींची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया आणि नीलांची वेगळी रचना’ असे सांगितले. चिटणीस महोदयांनी क्षणभर थांबून, “डॉक्टर, हे आम्हांला झेपेल ना?” असे अत्यंत सौजन्याने विचारले. झेपेल, असे मी त्यांना आश्वासन दिले आहे. कारण या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे. पुस्तकातील चित्रात जी गोष्ट एका जागी दाखवलेली असते, ती समोरच्या माणसाच्या शरीरात त्या जागी नसेल तर शल्यचिकित्सकाने काय करावे?

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्या छातीच्या पिंजऱ्यात डावीउजवीकडे दोन फुप्फुसे आणि त्यांच्या मधोमध हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका व अन्ननलिका असतात. या मधल्या जागेस मध्यावकाश म्हणतात. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे थायमस नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे अन्वर्थक नाव आहे, कारण वय वाढते तशी ती झिजत जाते. या ग्रंथीत कधी कधी गाठ होते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात स्नायू लवकर थकतात, पापण्या मिटू लागतात, घास चावता चावता जबडा दमतो. अशा रुग्णांपैकी शंभरात सुमारे दहा ते पंधरा जणांना थायमसची गाठ आढळते. १९३६ साली अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मायस्थेनियाने ग्रासलेल्या एका तरुणीची अशी गाठ काढली व १९३९ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथून या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास सुरू होतो. गाठ नसतानाही ग्रंथी काढल्याने अनेक मायस्थेनिया रुग्णांची शक्ती सुधारते व औषधे कमी लागतात, हे १२६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून २०१६ साली निर्विवादपणे पुढे आले.

पूर्वी या ग्रंथीपर्यंत पोहोचण्यासाठी उरोस्थी करवतीने उभी कापावी लागे. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी बरगड्या फाकवून छाती उघडावी लागे. छातीत दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना मात्र जुनी आहे. स्वीडनचे हान्स क्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० साली ती मांडली आणि पुढे क्षयरोग्यांच्या छातीतील चिकटलेले पडदे सोडवण्यासाठी तिचा उपयोग केला. दुर्बिणीला छोटा कॅमेरा जोडला जाऊन चित्र पडद्यावर दिसू लागले, तेव्हा खरी क्रांती झाली. इटलीतील जानकार्लो रोव्हियारो यांनी १९९१ साली या पद्धतीने फुप्फुसाचा संपूर्ण खंड काढला. आज बोटभर लांबीच्या दोन-तीन छेदांतून, काही ठिकाणी एकाच छेदातून, हे काम होते. ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाच आठवड्यांनंतरची शारीरिक क्षमता छाती उघडलेल्या रुग्णांपेक्षा चांगली आढळली. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसासाठी या वाक्याचा अर्थ काय होतो, हे या सभागृहात मी निराळे सांगायला नको.

परंतु या पद्धतीत एक गोष्ट शल्यचिकित्सकाच्या हातून जाते, ती म्हणजे त्याचा स्पर्श. छाती उघडलेली असते तेव्हा बोटांना नाडीचे ठोके लागतात, वाहिनीचा ताण कळतो, आणि रक्तस्राव झालाच तर बोट दाबून धरता येते. दुर्बिणीत चित्र मोठे व स्वच्छ दिसते, पण दिसते ते एका छोट्या खिडकीतून. त्यातच काही वेळा जागा मोकळी व्हावी म्हणून छातीत कर्बवायू भरतात. त्याच्या दाबाने पातळ भिंतीच्या नीला चपट्या होतात आणि चरबीच्या पडद्यासारख्या भासतात. म्हणून दुर्बीण-शस्त्रक्रिया करणारा वैद्य ओळखीच्या खुणा धरून पुढे सरकतो. रात्री अनोळखी गावी जाणारा माणूस पिंपळाचा पार, मारुतीचे देऊळ, ओढ्यावरचा पूल अशा खुणा धरून चालतो, तसेच हे आहे. आणि एखाद्या गावात तो पूलच नसला तर?

थायमसच्या शस्त्रक्रियेतील असा पूल म्हणजे एक आडवी नीला. डाव्या हाताचे व डोक्याच्या डाव्या बाजूचे अशुद्ध रक्त ती उरोस्थीमागून उजवीकडे नेते. तेथे उजवीकडच्या रक्ताला मिळून ऊर्ध्व महानीला तयार होते व ती हृदयाच्या उजव्या अलिंदात उघडते. थायमसच्या लहान नीला याच आडव्या नीलेला मिळतात. ती सापडली म्हणजे शल्यचिकित्सक जागेवर आला.

आता गर्भावस्थेत डोकावू. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराच्या वरच्या भागातून हृदयाकडे येणाऱ्या दोन नीला असतात, एक उजवी व एक डावी. सुमारे आठव्या आठवड्यात या दोहोंना जोडणारी आडवी वाट तयार होते. डावीकडचे रक्त त्या वाटेने उजवीकडे वळते आणि डावी नीला पुढे झिजून जाते. तिची खूण म्हणून हृदयाच्या मागच्या बाजूस एक बारीक घडी तेवढी उरते. इंग्लंडचे शल्यचिकित्सक जॉन मार्शल यांनी १८५० साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. हजारात तीन ते पाच माणसांत मात्र ही डावी नीला झिजत नाही. ती महारोहिणीच्या कमानीच्या डाव्या अंगाने खाली उतरते आणि बहुधा हृदयाच्या मागील कॉरोनरी सायनस या वाहिनीतून उजव्या अलिंदातच रिकामी होते. जन्मजात हृदयविकार असलेल्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. रक्त शेवटी योग्य ठिकाणीच पोहोचत असल्याने त्या व्यक्तीस आयुष्यभर काही जाणवत नाही. हा रोग नव्हे. नदीने जुने पात्र सोडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण अशा अनेक व्यक्तींत आडवी नीला अगदी बारीक असते किंवा मुळीच नसते. म्हणजे आमचा पूल नाहीसा झालेला असतो आणि जेथे मोठी नदी असण्याची अपेक्षा नाही, तेथे ती वाहत असते.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पुष्कळ वर्षांपूर्वी, या संस्थेत येण्यापूर्वी, मी एका तरुण मुलीची थायमसची गाठ दुर्बिणीद्वारे डाव्या बाजूने काढावयास घेतली होती. तिचा सीटी स्कॅन साधा, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य न देता काढलेला होता. पैसे वाचावेत म्हणून घरच्यांनी तसे केले होते आणि गाठ स्पष्ट दिसत असल्याने मीही आग्रह धरला नव्हता. शस्त्रक्रिया सुरू झाली. आडवी नीला सापडेना. महारोहिणीच्या कमानीवरून उतरणारी एक निळसर वाहिनी मात्र वाटेत होती. त्या जागी बरगड्यांमधून येणारी एक लहान नीला असते, ती प्रसंगी बांधली तरी चालते; गाठीमुळे तीच फुगली असावी, असा मी समज करून घेतला. क्लिप लावण्यापूर्वी सवयीने मी ती वाहिनी उपकरणाने हलकेच दाबून धरली. त्याच वेळी डोक्याशी बसलेल्या आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, “सर, डाव्या हाताचं सलाईन थांबलंय. तुम्ही काही धरलंय का?”

मी हात मागे घेतला आणि सलाईन पुन्हा सुरू झाले. ती लहान नीला नव्हती. त्या मुलीच्या डाव्या हाताचे आणि मेंदूच्या डाव्या भागाचे सारे रक्त परत नेणारी ती एकमेव वाट होती. ती बांधली असती तर चेहरा व हात सुजला असता आणि मेंदूतील दाब वाढला असता. कदाचित त्याहून वाईट घडले असते. तिच्या शेजारूनच श्वासपटलाचा मज्जातंतू जातो. मायस्थेनियाच्या रुग्णात त्यास इजा होणे म्हणजे आधीच दुबळ्या श्वासाचा आधार काढून घेणे होय. आम्ही दुर्बीण बाजूला ठेवली, उरोस्थी उघडली, सारे नीट पाहिले आणि गाठ सुखरूप काढली. मुलगी बरी झाली. पण जो व्रण होऊ नये म्हणून ती आमच्याकडे आली होती, तो तिच्या छातीवर राहिला. मी तिला घडले ते सर्व सांगितले. तिने शांतपणे विचारले, “हे आधी दिसलं नसतं का?”

दिसले असते. त्या एका उत्तराने माझी पुढची सारी कार्यपद्धती बदलली.

आता दुसरा प्रसंग, याच रुग्णालयातला. मराठवाड्यातील साठीच्या घरातले एक शेतकरी मुलाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात कर्करोगाची गाठ होती. सोबत अन्यत्र काढलेला साधा स्कॅन होता आणि त्याच्या अहवालात, महारोहिणीच्या डाव्या बाजूस वाढलेली लसीका ग्रंथी असल्याचे लिहिले होते. उजव्या फुप्फुसाचा कर्करोग डावीकडच्या ग्रंथीत पोहोचला असेल, तर तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला असे मानले जाते. मुलगा म्हणाला, “साहेब, पसरलाय म्हणाले. आता म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा? गावीच नेतो.” वडील काही बोलले नाहीत. ते फक्त टोपी हातात फिरवत बसले होते.

आमच्या क्ष-किरणतज्ज्ञांनी त्या स्कॅनची एकेक प्रतिमा वरून खाली क्रमाने पाहिली. लसीका ग्रंथी चार-दोन प्रतिमांत दिसते आणि संपते. ही ‘ग्रंथी’ मानेखालून सुरू होऊन प्रत्येक प्रतिमेत तशीच गोल दिसत थेट हृदयापर्यंत चालत गेली होती. ग्रंथी चालत नाहीत, नीला चालतात. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाची तपासणी करून, कॉन्ट्रास्ट द्रव्य मुद्दाम डाव्या हाताच्या शिरेतून देऊन, बारीक छेदांचा स्कॅन काढला. डावीकडची ती वाहिनी दिवा लावल्यासारखी उजळली. हृदयाच्या इको तपासणीत कॉरोनरी सायनस मोठा दिसला आणि डाव्या हातातून घुसळलेले सलाईन दिल्यावर त्यातील बुडबुडे प्रथम तेथेच उमटले. या शेवटच्या चाचणीसाठी सलाईनच्या दोन सिरिंजांपलीकडे काही लागत नाही. कर्करोगाची व्याप्ती ठरवणाऱ्या उरलेल्या तपासण्याही झाल्या. आजार पसरलेला नव्हता. ज्यास कर्करोगाचा प्रसार समजले गेले, ती जन्मापासून सोबत असलेली एक निरुपद्रवी नीला होती. तिच्यात तपासणीची सुई घातली गेली असती तर काय झाले असते, याची कल्पना आपण करू शकता.

त्या शेतकऱ्यांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड आम्ही दुर्बिणीद्वारे काढला. डावीकडची वाट ठाऊक असल्याने भूलतज्ज्ञांनी मोठ्या शिरेतील नळी विचारपूर्वक उजव्या बाजूने घातली. काढलेल्या लसीका ग्रंथींमध्ये कर्करोग आढळला नाही. पहिल्या फेरतपासणीला आले तेव्हा त्यांची टोपी डोक्यावर होती.

सन्माननीय सभासदहो, वेगळेपणा एवढ्या एका नीलेपुरता नसतो. फुप्फुसातून शुद्ध रक्त हृदयाकडे आणणाऱ्या नीलाही वाटा बदलतात. सामान्यतः प्रत्येक फुप्फुसाच्या वरच्या व खालच्या नीला हृदयात निरनिराळ्या उघडतात. काहींच्या डाव्या बाजूस त्या हृदयावरणाच्या बाहेरच एकत्र येऊन एकच खोड बनवतात. वरचा खंड काढताना हे खोड वरची नीला समजून स्टेपलरने कापले गेले, तर निरोगी खालच्या खंडाचे रक्त कोंडते. मग ती वाहिनी पुन्हा जोडावी लागते किंवा सारे फुप्फुस गमवावे लागते. उजव्या वरच्या खंडाची एखादी नीला कधी श्वासनलिकेच्या मागून जाते आणि दोन खंडांमधील ग्रंथी काढताना अवचित फाटू शकते.

याहून फसवा प्रकार म्हणजे डाव्या वरच्या खंडाची नीला हृदयाच्या डाव्या अलिंदात न जाता वर चढून आडव्या नीलेला मिळते. स्कॅनवर ती मघाशी सांगितलेल्या डाव्या महानीलेसारखीच दिसते. भेद कसा करावा? डाव्या मुख्य श्वासनलिकेच्या पुढे पाहावे. तेथे सर्वसाधारण माणसात एक वाहिनी असते, डावी महानीला असेल तर दोन दिसतात, आणि फुप्फुसाची नीला वर चढली असेल तर एकही दिसत नाही. हा भेद पुस्तकी नव्हे. फुप्फुसाच्या एका खंडाचे शुद्ध रक्त असे चुकीच्या बाजूस परतत असेल आणि आपण दुसरा निरोगी वाहणीचा खंड काढून टाकला, तर उरलेल्या रक्ताचा मोठा वाटा हृदयाच्या उजव्या बाजूसच फिरत राहतो व ती थकून जाते. अशा वेळी नीलेची वाट त्याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करण्याचा विचार करावा लागतो. काढावयाचा खंड आणि वेगळी नीला एकाच जागी असतील, तर मात्र खंडाबरोबर प्रश्नही संपतो.

या साऱ्यातून आमच्या विभागाने तीन नियम स्वतःवर घालून घेतले आहेत. पहिला, छातीतील गाठीच्या प्रत्येक नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी, मूत्रपिंडाची अथवा ॲलर्जीची अडचण नसेल तर, कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन झालाच पाहिजे, आणि शल्यचिकित्सकाने क्ष-किरणतज्ज्ञांच्या शेजारी बसून तो स्वतः पाहिला पाहिजे. नुसता अहवाल वाचून चालणार नाही. आडवी नीला आहे का, डावी महानीला आहे का, फुप्फुसाच्या नीला किती आणि कोठे उघडतात, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहूनच आम्ही शस्त्रक्रियागृहात जातो. दुसरा नियम, शेजारची वाहिनी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणतीही मोठी नीला कापायची नाही. शंका वाटली तर आधी हलकेच दाबून धरायची आणि भूलतज्ज्ञांना विचारायचे. तिसरा, दुर्बीण सोडून छाती उघडावी लागली तर तो पराभव मानायचा नाही, आणि तशी शक्यता रुग्णाला संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी त्याच्या भाषेत सांगायची. लहान छेद हे साधन आहे. सुरक्षित रुग्ण हे साध्य आहे.

आता शेवटी, ज्यासाठी मी हा विषय निवडला, ते बोलतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखावयाच्या आहेत, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. या निधीतून शस्त्रक्रियेचा खर्च होतो, औषधांचा होतो. पण गरीब रुग्ण अनेकदा आमच्यापर्यंत येतो तो अपुरा स्कॅन हाती घेऊन, आणि दुसरा स्कॅन सांगितला की त्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटतो. माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की, छातीतील गाठ असलेल्या निर्धन रुग्णाचा कॉन्ट्रास्टसह फेरस्कॅन विनाविलंब या निधीतून व्हावा, त्यासाठी निराळ्या अर्जाची वाट पाहावी लागू नये. दुसरी विनंती वेळेची आहे. क्ष-किरणतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसून प्रत्येक रुग्णाच्या प्रतिमा पाहाव्यात आणि हा तास कामाच्या वेळापत्रकात अधिकृतपणे राखून ठेवला जावा. देणगीदारांच्या नावाची पाटी त्या तासावर लावता येणार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आपण दिलेल्या महागड्या यंत्रांचे सार्थक याच तासात होते, असे मी अनुभवाने सांगतो.

त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न मी आजही प्रत्येक शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी स्वतःला विचारतो. हे आधी दिसले नसते का? या संस्थेत दाखल होणाऱ्या कोणत्याही रुग्णाने, त्याच्या खिशात काहीही असो, तो प्रश्न आम्हांला शस्त्रक्रियेनंतर विचारण्याची वेळ येऊ नये, एवढीच आजच्या दिवशी प्रार्थना करतो.